जत्रेला नेलेली मेंढरं

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पाहण्यासाठी कोणी मुद्दाम प्रवासाला निघत नाही. नगरकडे किंवा सोलापूरकडे जाताना ते खिडकीबाहेरून मागे पडत जातात. मीही आयुष्यभर त्यांच्याकडे तसेच पाहत आले होते. नव्वदचे दशक सरत आले असताना एका चैत्रात मात्र मी तेथे उतरले, राहिले आणि चक्क रस्त्याच्या कडेला सतरंजी अंथरून माझ्या हातच्या वस्तू विकायला बसले. जे तिकडे गेले नाहीत आणि बहुधा जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी ही हकिगत.

वस्तू म्हणजे कापडचित्रे. पुण्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि पन्नाशी उलटल्यावर मी सुई हाती घेतली. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, खणांचे तुकडे एकावर एक शिवून मी झाडे, घरे, जनावरे करू लागले. एका मैत्रिणीने आपल्या दिवाणखान्यात त्यांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा सगळी चित्रे विकली गेली. घेणारे सगळे ओळखीचे होते. त्यांनी चित्र घेतले की माझे मन राखले, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. मला एकदा तरी असे माणूस भेटायला हवे होते, की जे मला ओळखत नाही, ज्याला माझ्याविषयी कसलाही संकोच नाही आणि तरीही ज्याला माझे काम हवे आहे. असे माणूस नसेलच, तर शिवणे घरापुरते ठेवावे, बाजारात मांडू नये, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

शिरूर

शिरूरला एका मैदानावर हस्तकलेच्या वस्तूंचा दोन दिवसांचा मेळा होता. तिथवरचा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. शिक्रापूरला मालमोटारींच्या रांगेत आमची एसटी अडकली आणि रांजणगावला पाळी सुटल्यामुळे कंपन्यांच्या बसगाड्या व दुचाक्या यांचा लोंढाच अंगावर आला. शिरूरला पोहोचले तेव्हा चांगल्या जागा भरल्या होत्या. मला मिळाली ती बांगड्यांच्या दुकानाशेजारची, लिंबाच्या अर्धवट सावलीची.

मी दोरीवर चित्रे टांगली आणि खाली पाहत बसले.

लोक थांबत होते, नाही असे नाही. पण थांबलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी. ही वस्तू वापरायची कशी? रांजणगावच्या कारखान्यात कामाला असलेला एक बिहारी तरुण बराच वेळ पाहून म्हणाला, "माँजी, ये ओढ़ने का है या बिछाने का?" मी भिंतीकडे बोट दाखवायला गेले, तर तेथे भिंतच नव्हती. एका आजींनी मोराचे चित्र उलटेसुलटे केले, अस्तर चोळून पाहिले आणि "दुपटं हाय व्हय! मऊ हाय. पाळण्यात बरं पडंल," असे म्हणून ते घेतले. हे दुपटे नाही, असे सांगणे माझ्याच्याने झाले नाही. मोर नातवाखाली गेला.

बांगडीवाल्या हिराबाई हे सारे पाहत होत्या. वय साठीच्या पुढे, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. चैत्रभर त्या जत्रांमागून जत्रा करीत हिंडत.

"बाई, एक इचारू?" त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं की तुम्ही खाली का बघताय? त्याला वाटतंय, चोरीचा माल हाय."

"मला सवय नाही हो."

"आन् किंमत सांगताना काय करताय ते बी बघितलं मी. तो गडी अजून घासाघीस करायला तोंड उघडतोय, तवर तुम्हीच दोनदा उतरलात! सोताशीच घासाघीस करणारं माणूस मी पयल्यांदा बघितलं."

हे इतके खरे होते की मला हसू आले. त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेळा उठला तेव्हा माझ्या वस्तू जवळपास जशाच्या तशा गुंडाळल्या जात होत्या. हिराबाई म्हणाल्या, "हितं लोक फिरायला येत्यात. जत्रंला लोक घ्यायला येत्यात. दौंडाकडं एका गावची जत्रा हाय, चला माझ्यासंगं. टेम्पोत जागा हाय."

घरी परतण्याचे तिकीट मनात काढून झाले होते. तरी मी हो म्हणाले. नाही म्हणायला जो धीटपणा लागतो, तोही माझ्यापाशी नाही, हे त्याचे खरे कारण.

न्हावऱ्याच्या रस्त्याने

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दक्षिणेला उतरत गेले की मुलूख हळूहळू रंग बदलतो. आधी माळ, खुरटी बाभूळ, शेतात उभी वाळलेली कडब्याची बुचाडे. मग कुठेतरी पाटाचे पाणी दिसते आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. भीमा ओलांडताना पात्रात पाणी होते आणि काठावर म्हशी. पलीकडे गुऱ्हाळांचा धूर. गोड, जरासा करपट वास दूरवर पसरलेला.

एका गुऱ्हाळापाशी टेम्पो थांबला. गुऱ्हाळवाल्याने ओळखपाळख नसताना उसाच्या कांडक्याने कढईतला गरम गूळ काढून हातावर ठेवला, आणि निघताना काकवीची बाटलीही दिली. पुढच्या वळणावर ती बाटली माझ्या गाठोड्यात सांडली. एक लहान चित्र, दोन चिमण्यांचे, पूर्ण वाया गेले. गावी पोहोचेपर्यंत त्या चिमण्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"बघा," हिराबाई म्हणाल्या, "तुमच्या मालाला लागलेलं पयलं खरं गिऱ्हाईक!"

जत्रेचे गाव खुटबावपासून जवळच होते. हिराबाईंच्या ओळखीच्या एका घराच्या ओसरीवर आमची सोय झाली. आमच्या पुण्यात पाहुण्याला जेवणार का असे विचारतात आणि त्याने दिलेले उत्तर खरे मानतात. येथे कोणी विचारलेच नाही. पाण्याचा तांब्या आला, पाठोपाठ पितळीत भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा. ताट पुढे आले की जेवायचे. माझ्यासारख्या बाईला, जिला भूक लागली असे सांगणेही अवघड जाते, ही रीत फार सोयीची वाटली.

कमळ

जत्रेच्या पहिल्या दिवशी दुपारनंतर गर्दी वाढली. रेवडी, भेळ, गुडदाणीचे ढीग, पाळणे, पिपाण्या. माझ्या दोरीवर मधोमध मी माझे सर्वांत मोठे चित्र टांगले होते. टेकडीवरून उतरणारा मेंढरांचा कळप, मागे पांढऱ्या पागोट्याचा, खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढपाळ. त्यातले प्रत्येक मेंढरू वेगळ्या कापडाचे होते. एका पावसाळ्यात सुरू केलेले ते काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालले होते.

तिशीची एक बाई त्या चित्रासमोर येऊन उभी राहिली.  मी नेहमीप्रमाणे खाली पाहत बसले.

"बाई, हे अंथरायचं न्हाई ना?" तिने विचारले.

"नाही. भिंतीवर लावायचं."

"तेच म्हणते! हे कोण अंथरंल?"

मी मान वर केली. दोन गावे पालथी घातल्यावर हे वाक्य ऐकू येत होते.

तिचे नाव कमळ. माहेर खुटबावचे. सासर शेजारच्याच गावी. पण नवरा रांजणगावला कारखान्यात असल्यामुळे आणि वडील पायाने अधू झाल्यामुळे ती बहुतेक माहेरीच असे. "आमी धनगर," ती म्हणाली. "आबांची लई मेंढरं व्हती. पाटाचं पाणी आलं, वावर झालं, ऊस लावला, तवा मेंढरं इकली. आता आबा बाजंवर बसून असत्यात. चालता येत न्हाई, जत्रा बी गेली त्यांची." मग बोट चित्राजवळ नेऊन, पण न टेकवता म्हणाली, "हे त्यांना नेते मी. पर एक काम हाय. पागोटं लाल करून देता? आबा पांढरं कवाच बांधत न्हाईत."

"देते की," मी म्हणाले. किंमतही ठरली.

"उद्या आमचं मालक येत्यात कंपनीतनं. दोघं येऊन नेतो. दुसऱ्याला देऊ नका हां, बाई. शबूद द्या."

मी शब्द दिला. आयुष्यात मी पुष्कळ शब्द शिकवले, पण असा मागून घेतलेला शब्द द्यायची वेळ क्वचितच आली होती. हिराबाईंनी बांगड्यांच्या पेटीचे लाल अस्तर कोपऱ्यातून कापून दिले आणि मी पांढरे पागोटे उसवायला घेतले.

देवाचा वाटा

दुसरा दिवस जत्रेचा मुख्य दिवस. सकाळी उन्हे यायच्या आत मी दुकानात बसून पागोट्याचे शेवटचे टाके घालत होते. हिराबाई चहा आणायला गेल्या होत्या. एवढ्यात हलगी वाजत आली. चार-सहा मंडळी, पुढे एक धिप्पाड गृहस्थ, डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल. त्यांच्यामागे दोघांनी धरलेली वेताची मोठी पाटी. गृहस्थ माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "बाई, देवाचं द्या."

त्या भागातली रीत अशी, की मुख्य दिवशी प्रत्येक दुकानदार विक्री सुरू करण्याआधी आपल्या मालातली एक वस्तू देवाला देतो. रेवडीवाला रेवडी देतो, खेळणीवाला पिपाणी. मला हे ठाऊक नव्हते. मला वाटले, देवळासाठी काही घ्यायचे असेल, म्हणून माल पाहायला मागत आहेत. विचारून घ्यावे, तर सहा माणसे आणि हलगी समोर. मी दात लावून दोरा तोडला आणि हातात होते तेच चित्र, तयार झालेले, त्यांना दाखवण्यासाठी दोन्ही हातांनी पुढे केले.

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी दिली आणि घडी करून पाटीत ठेवले. हलगी पुढच्या दुकानाकडे गेली. माझे हात तसेच पुढे होते.

हिराबाई चहा घेऊन आल्या आणि मी काय झाले ते सांगितले. त्यांनी किटली खाली ठेवली.

"अवो बाई! एखादी चिमणी द्यायची, कोंबडी द्यायची! सबंध कळप दिलात?"

"मी परत मागून आणते."

"देवाच्या पायाला लागलं ते माघारी येत न्हाई. आता दुपारच्याला लिलाव हुईल, त्यात जो बोलंल त्याचं."

"पण मी त्या कमळला शब्द दिलाय."

 हिराबाई म्हणाल्या, "मंग तुम्हीच बोला लिलावात."

तो पर्याय इतका सरळ आणि इतका अशक्य होता, की चहा माझ्या हातात गार झाला.

लिलाव

कुस्त्या सुरू होण्याआधी देवळासमोरच्या पारावर लिलाव असतो. सकाळचेच धिप्पाड गृहस्थ ध्वनिक्षेपकापाशी उभे होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पुरुष पाराभोवती, बायका मागे ओट्यावर. बायकांनी बोलायचे नाही असा नियम नव्हता. पण कोणी बोललेलेही आठवत नव्हते, असे शेजारच्या बाईने सांगितले.

या लिलावात किमतीचा वस्तूशी संबंध नसतो. देवापुढचे लिंबू एका बागायतदाराने अशा किमतीला घेतले, की तेवढ्यात लिंबाचे झाड आले असते. लोक हसले, त्याच्या पाठीवर थाप पडली, गुलाल उडाला. देवाचे म्हणून घ्यायचे आणि चार लोकांत मानाने घ्यायचे. बाजारात आपण वस्तू स्वस्तात मिळाल्याचा आनंद मानतो. येथे महाग पडल्याचा आनंद होता.

मग आप्पांनी चित्र उलगडले. उन्हात लाल पागोटे झळकले.

"ही बघा मंडळी, देवाला आलेली मेंढरं! चारा नको, पाणी नको, लांडग्याची भीती न्हाई! बोला!"

"एक्कावन्न!" पुढून एक आवाज आला.

मी म्हणाले, "पंचाहत्तर." मला स्वतःलाही ते नीट ऐकू आले नाही. आप्पा "एक्कावन्न एकवार" म्हणू लागले, तशी शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसले आणि ओरडली, "आवो आप्पा, हितं ह्या बाई बोलत्यात!"

सगळी डोकी मागे वळली. अशा वेळी माणसाला पळावेसे वाटते. पण ओटा बायकांनी गच्च भरला होता, वाट नव्हती. मी उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकासाठी लावत असे तो आवाज लावला. "पंचाहत्तर!"

"एकशे एक!" पुढून.

बोलणारा मला दिसत नव्हता. पांढरी टोपी आणि कंपनीचा निळा शर्ट, एवढेच पाठमोरे दिसत होते. मी वाढवले, त्याने वाढवले. ठरलेली किंमत मागे पडली, तरी तो थांबेना. मला राग येऊ लागला. याला काय करायचे आहे हे चित्र? याला त्यातले काय कळते? एका म्हाताऱ्यासाठी मागून ठेवलेली वस्तू हा केवळ मिरवायला घेणार! त्या रागाने माझा आवाज मोकळा केला असावा. पुढची बोली मी अशी दिली, की आप्पांनी ध्वनिक्षेपक तोंडापासून दूर नेला.

"पाव्हण्या बाई जोरात हायत!" ते म्हणाले. "काय रं दत्ता, माघार घेतोस का?"

"माघार कशाची!" निळा शर्ट म्हणाला आणि आणखी चढला.

मी त्याच्याही वर गेले. तेवढ्यात देवळाच्या दारातून, नैवेद्याचे ताट हातात धरून, कमळ बाहेर आली. तिने पाराकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले आणि तिथूनच ओरडली, "अवो, कुणासंगं लावलंय तुम्ही? त्याच बाई हायत त्या! मेंढरावाल्या!"

निळा शर्ट मागे वळला. तो कमळचा नवरा होता. पाळी संपवून तो सकाळी आला आणि दुपारी, कमळ देवळातल्या रांगेत गेली म्हणून, एकटाच माझ्या दुकानी आला. मी तेव्हा लिलावाच्या जागी येऊन बसले होते. हिराबाईंनी त्याला एवढेच सांगितले, की चित्र लिलावात गेले. आणि तो धावत पारापाशी आला, तो सासऱ्याचे चित्र कोण्या परगावच्या बाईच्या हाती जाऊ नये म्हणून. आम्ही दोघे एकाच म्हाताऱ्यासाठी एकमेकांना चढत होतो.

हे पाराभर कळायला वेळ लागला नाही. आप्पा तर खालीच बसले हसून. "देवाची करणी," ते डोळे पुसत म्हणाले, "दोघं बी एकाच घरचं, आन् फायदा भैरोबाचा! पर लिलाव म्हंजी लिलाव. शेवटची बोली बाईंची हाय. काय रं दत्ता?"

दत्ताने मान खाजवली. "बाईंच्या वर एक रुपया."

"बाई?"

मी मान हलवली.

"मान हलवून चालत न्हाई, बाई. तोंडानं सांगा."

"सोडली!" मी म्हणाले, आणि तेही सर्वांना ऐकू गेले. दत्ताच्या कपाळी गुलाल लागला. शेजारच्या बाईने थोडा गुलाल आणवून माझ्याही कपाळी लावला. विकायला बसलेल्या माणसाने आपलीच वस्तू महाग करून ठेवावी आणि स्वतःच्या पदरात काही पडू नये, असा व्यवहार हिराबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्या तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होत्या.

खुटबाव

दुसऱ्या दिवशी कमळ आणि दत्ता मला खुटबावला जेवायला घेऊन गेले. वाटभर आमचा एकच वाद चालला होता. कमळ म्हणे, ठरलेले पैसे घ्या. मी म्हणे, तुम्ही देवाला त्याहून जास्त दिलेत, मी आणखी कशी घेऊ?

"देवाचं देवाला, बाई. शिवलं कुणी? देवानं का तुम्ही?"

 तरी मी पैसे घेतले नाहीत. ती रुसली आणि पुढे चालू लागली.

घर उसाच्या शेताला लागून. अंगणात लिंबाखाली बाजेवर आबा बसले होते. उंच हाडाचे, वाळलेले, डोक्याला खरोखरच लालभडक पागोटे. कमळने चित्र त्यांच्या मांडीवर पसरले. त्यांनी ते जवळ ओढले, लांब केले. जाड बोटाने एकेक मेंढरू चाचपत वरपर्यंत गेले. आम्ही तिघेही उभे होतो. पुण्याच्या दिवाणखान्यात लोक माझ्या चित्रांसमोर उभे राहत तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जात असे. येथे जायला जागा होती, पण मी थांबले.

"पागोटं माझं हाय," आबा म्हणाले. "पर मेंढरं न्हाईत माझी. ही कुणाची?"

कमळने माझ्याकडे पाहिले. दत्ताने पाहिले.

"माझी," मी म्हणाले.

"तुमची व्हय." त्यांनी मला नीट पाहून घेतले. "बेस हायत. अंगानं भरल्यात." मग डोळे बारीक करून शेताकडे हात केला. "मंग बसवा की आमच्या वावरात. मी जल्मभर लोकांच्या वावरात मेंढरं बसवली. रातभर बसवायची, खत पडायचं, आन् सकाळच्याला वावरवाला धान्य द्यायचा. आता वावर माझं हाय आन् मेंढरं तुमची. बोला, काय घ्याल?"

कमळ तोंडाला पदर लावून हसू लागली होती. आबा मात्र हसत नव्हते. मालकाने मालकाला विचारावे तसे विचारून ते वाट पाहत होते.

"दोन पायल्या बाजरी," मी म्हणाले.

"दोन? येवढ्याशा कळपाला? एक घ्या."

मी चित्राकडे पाहिले, मग सरळ त्यांच्या तोंडाकडे.

"दोन."

आबांनी पागोट्याखाली कपाळ खाजवले, शेताकडे पाहिले, पुन्हा मेंढरांकडे पाहिले.

"कमळे," ते घराकडे तोंड करून म्हणाले, "पायली आण भरून. दोन आण. ही बाई काय ऐकायची न्हाई."